करकोच्याचं कणीस

फार दिवसांपूर्वी एक करकोचा लहान प्राण्यांना पाठीवरून नदीपार नेत असे. महादेवाला बेल वाहायला निघालेली खार दर सोमवारी त्याच्याच पाठीवर बसे. नव्या उतारूंना मानेजवळची ऊब, तिला मात्र शेपटाकडची जागा.

सोळाव्या सोमवारी करकोचा गोड हसला. "ताई, आज पुढे बसा. हे ज्वारीचं कणीसही घ्या."

खारीला शंका आली. आजच एवढं प्रेम कुठून उतू चाललंय? तेवढ्यात तिला दिसलं, शेजारी एक हंस उतारूंना हाका मारत होता.

"अस्सं! हंस आला म्हणून होय? अरे, सोळा सोमवार झाले, माझा उपास असतो हेही तुला ठाऊक नाही?"

करकोच्याची मान खाली गेली. "चुकलंच, ताई. उपासाला काय चालतं तुम्हांला?"

खारीने एकदा हंसाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"बोरं," ती म्हणाली आणि करकोच्याच्या पाठीवर चढली.