मालकिणीचा होकार

सांगलीतल्या एका सोसायटीचे चेअरमन हणमंतराव नाडगौडा म्हणजे ऊठसूट नियमावर बोट ठेवणारा माणूस. घरमालकाने फोनवर होकार दिल्याशिवाय पाहुण्याला फाटकातून आत सोडायचं नाही, हा नियम त्यांचाच. भाऊबीजेला मालिनीताईंचा भाऊ मिरजेहून आला, तेव्हा ताई चकल्या तळत होत्या आणि फोन आतल्या खोलीत वाजत होता.

"सख्खा भाऊ आहे हो मी," तो सांगत राहिला.

"मालकीण फोन उचलत नाही तोवर सगळे परकेच," हणमंतराव म्हणाले. बिचारा ओवाळणीची साडी घेऊन तासभर उन्हात ताटकळला.

पुढे मालिनीताईंचं वायफाय फारच रखडायला लागलं. पासवर्ड म्हणून त्यांनी आपलाच मोबाइल नंबर ठेवला होता, आणि तो तर सोसायटीच्या फलकावर सगळ्यांना दिसत होता. ताईंनी गुपचूप पासवर्ड बदलला.

लगोलग हणमंतराव दारात हजर. "अहो, तुमचं नेट बंद पडलं. ऐन मॅचमध्ये."

"माझं तर चालू आहे," ताई म्हणाल्या.

हणमंतराव चपापले, पण ऐट सोडली नाही. "मग नवा पासवर्ड सांगा. मी काय परका आहे? चेअरमन आहे."

"तुमचा नियम मी कसा मोडू? मालकिणीला फोन करून विचारा."

हणमंतरावांनी तिथेच उभं राहून फोन लावला. ताईंच्या हातातला मोबाइल वाजू लागला.

"वाजतोय की. उचला," हणमंतराव म्हणाले.

"मालकीण चकल्या तळतेय," असं म्हणून ताईंनी दार लावून घेतलं.