घुमटगडची शिट्टी

घुमटगडच्या राजाने तोंड उघडलं की शिट्टी वाजायची!

राणोजीराजे सिंहासनावरून "प्रजाजनहो!" म्हणायचे, आणि लगेच दरबारभर कूंऽऽई! खांबावरची कबुतरं उडायची, सरदार कानात बोटं घालायचे. राजाला भाषणाचा भारी सोस. म्हणून तर सिंहासनापुढे माइक, महालापासून वेशीपर्यंत कर्णे टांगलेले, प्रत्येक कर्ण्यामागे आवाज लहानमोठा करणारी एकेक पेटी, आणि साऱ्या पेट्या एकाच तारेने जोडलेल्या. कल्पना दिवाण त्र्यंबकपंतांची. राजा शिंकला तरी "वाहवा!" म्हणणारे हे पंत.

"कोण वाजवतंय शिट्टी?" राजा गरजला. कूंऽऽई!

"सटवाजी नगारची, महाराज!" पंत म्हणाले. "कर्णे आले आणि म्हाताऱ्याचा नगारा बंद पडला. जळतोय मेला!"

"मग उद्याच्या भाषणानंतर शिट्टीवाल्याची गाढवावरून धिंड काढा! राजाचा शब्द!"

सटवाजीने हात जोडले. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून त्याची सून गोजरा पुढे आली. पेट्या बसवायला आलेल्या कारागिरांना भाकऱ्या थापून घालता घालता ही बाई पेट्यांची बोली शिकली होती. कुणाला विचारलं नव्हतं, आणि कुणी शिकवलंही नसतं.

"महाराज, मामंजींच्या तोंडात औषधाला दात नाही. त्यांच्या फुंकरीने चूल पेटत नाही, ते शिट्टी काय वाजवणार?"

दरबार हसला. दुसऱ्याच्या बोलण्याला लोक हसलेले राजाला कुठले खपायला!

"फार बोलतेस! मग तूच थांबव शिट्टी. पण माझा आवाज केसभरही कमी करायचा नाही. एकाही पेटीला हात लावायचा नाही. आणि मी या जागेवरून हलणार नाही!"

तुम्हाला हलवायला बैलजोडी लागेल, असं गोजराच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. सगळंच एका दिवसात बोलून कसं चालेल?

"कबूल. पण शिट्टी थांबली, तर खऱ्या शिट्टीवाल्याचं नाव मी भर दरबारात सांगणार. अभय हवं."

"दिलं!"

घरी आल्यावर सटवाजी म्हणाला, "पोरी, गाढव लाथा मारणारं आहे का, तेवढं तरी बघून ये."

"ते पंतांनी बघावं, मामंजी. तुम्ही नगारा उन्हात काढा. कातडं सैल पडलंय."

तिने ओट्यावर जुना लॅपटॉप उघडला, राजवाड्याच्या तारेला जोडला आणि चार ओळी लिहिल्या. पंतांनी पेट्यांसाठी हत्तीएवढं सॉफ्टवेअर आणवलं होतं. ते जागं व्हायला सकाळची दुपार व्हायची, आणि त्यातलं एकच बटण पंतांना ठाऊक होतं: वाढव! गोजराने आपल्यापुरती मुंगीएवढी लायब्ररी, म्हणजे तयार हुकुमांची पोथी, जुळवली होती. पेटीचं नाव घ्यायचं, हुकूम लिहायचा, पुढचं तार बघून घेते. हत्ती पाळण्याची हौस ज्याची त्याला!

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. बाहेर गाढव झूल घालून उभं. गोजरा लॅपटॉप पदराखाली घेऊन कोपऱ्यात तारेपाशी बसली.

"प्रजाजनहो!" राजा ओरडला.

शिट्टी नाही! राजा आणखी ओरडला. तरी नाही! कबुतरं जागची हलली नाहीत. पण राजाचं तोंड मात्र पडलं.

"पंत! माझा आवाज कुठे गेला? मला ऐकूच येत नाही!"

"सापडली!" पंतांनी टाळी वाजवली. "हिने आवाज कमी केला, महाराज! आणि शेजारीण सांगत होती, हिने घरात अजगर पाळलाय! पायथन की काय नाव!"

सरदारांनी पाय वर घेतले.

"खाली सोडा पाय!" गोजरा म्हणाली. "पायथन ही संगणकाची भाषा आहे. नाव अजगराचं, पण गिळत काही नाही. तेवढं काम पंत बघतात. आणि महाराज, आवाज कमी झाला की नाही ते वेशीवर विचारा. प्रजेची गाऱ्हाणी ऐकायला तिथे माइक लावलाय. पंतांनी तो पहिल्या दिवसापासून बंद ठेवलाय, तो मी आता चालू करते."

तिने एक ओळ लिहिली. लॅपटॉपमधून दरबारात वेशीवरचा गलका घुमला.

"काय गं मावशे, राजाचं ऐकू येतंय का?" गोजराने राजाच्या माइकातून विचारलं.

"येतंय का म्हणून काय विचारतेस!" कोथिंबीरवाली कडाडली. "कानठळ्या बसल्यात! गिऱ्हाईक जुडीचा भाव विचारतंय, तेसुद्धा कळेना!"

राजाने पंतांकडे बघितलं. पंतांनी छताकडे.

"मग तू केलंस तरी काय?"

"तुमच्या डोक्यावरचा कर्णा गप्प केला. वेशीपर्यंतचे बाकीचे कर्णे जसेच्या तसे. तुमचं बोलणं डोक्यावरच्या कर्ण्यातून पडायचं ते तुमच्याच माइकात. तिथून परत कर्ण्यात, कर्ण्यातून परत माइकात. स्वतःचंच स्वतःला ऐकवत बसलं की बोलण्याची शिट्टी होते, महाराज!"



"म्हणजे शिट्टीवाला मी?" राजा हळूच म्हणाला. "आणि धिंड काढायचा शब्दही माझाच!"

"शिट्टी तुमच्या तोंडून निघाली खरी. पण ती तुमच्या तोंडाला लावली कुणी? डोक्यावर कर्णा टांगला कुणी? महाराज खूश व्हावेत म्हणून रोज 'वाढव, वाढव' करत बटण दाबलं कुणी?"

पंत पगडी सावरत दाराकडे सरकायला लागले.

राजा आधी लाल झाला, मग फुगला, आणि मग असा खदखदून हसला की पोट धरून सिंहासनावरून हलला! आपणहून!

"अडवा पंतांना! गाढव ताटकळलंय! गोजरा, आजपासून सगळ्या पेट्या तुझ्या हाती. पैठणी घे. आणि सटवाजी, चढव तो नगारा, धिंडीच्या पुढे तूच!"

पंतांना गाढवावर उलटं बसवलं. त्यांनी असा गळा काढला की गाढवही लाजलं. नगारा कडाडला, आणि राजा डोळे पुसत ओरडला,

"गोजरा! पंतांच्या पुढ्यात माइक धर, आणि यांचा आवाज केसभरही कमी करू नकोस!"