हिरवा ठिपका

"पण लॅपटॉपला झोपूच दिलं नाही तर, सर?"

ऋत्विजने अच्युतस्वामींना विचारलं. टेकडीवरच्या या मठात येण्यापूर्वी ते कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. ऋत्विज त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. आज मात्र तो धावतच टेकडी चढून आला होता.

डोंगरातल्या आरोग्यकेंद्रांसाठी त्याने ॲप लिहिलं होतं. काल एका नर्सबाईंनी लॅपटॉप मिटून झोपवला, वरच्या पाड्यावर नेला आणि तिथे उघडला. पडद्यावर जोडणीचा हिरवा ठिपका होता. 'बाई बाळंतपणात अडली आहे, गाडी पाठवा,' त्यांनी लिहिलं. 'निरोप गेला,' ॲप म्हणालं.

पाड्यावर नेटवर्कच नव्हतं; निरोप कुठेच गेला नव्हता. वाट बघून बघून शेवटी गावकऱ्यांनी त्या अडलेल्या बाईला झोळीतून खाली आणलं. बाळ वाचलं. आई अजून शुद्धीवर नव्हती.

"चूक माझी नाही," ऋत्विज म्हणाला. "ॲपने सिस्टिमला विचारलं होतं, जोडणी आहे का? ती म्हणाली, आहे."

"कधी विचारलं?"

"…मिटायच्या आधी."

"आणि उघडल्यावर?"

"उघडल्यावर कशाला? ॲपच्या लेखी मध्ये काही घडलंच नव्हतं."

स्वामींनी डोळे मिटले.

ऋत्विज बोलतच राहिला. झोप बंद करू, मोठी बॅटरी देऊ, दर क्षणाला जोडणी तपासणारी खूण पाठवत राहू… बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, स्वामींचा श्वास संथ झालाय. त्यांना डोळा लागला होता.

त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मोबाइलला इथे रेंज नव्हती, ती फक्त पलीकडच्या कठड्यापाशी मिळे. तो पाय न वाजवता उठला आणि कठड्यापाशी गेला. तिथे नर्सबाईंचा मेसेज आला: 'अजून तसंच आहे.'

तो परतला, पण खाली बसवेना. स्वामींच्या पाठीमागे खांबाला धरून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने स्वामी हलले. डोळे मिटलेलेच.

"ऋत्विज, आहेस का?"

"म्हणजे काय, सर! इथेच तर होतो."

"होतास?"

ऋत्विजने कठड्याकडे पाहिलं.

"नाही… मध्ये कठड्यापाशी गेलो होतो."

त्याने खांब सोडला.

"आता आहे," तो हळूच म्हणाला.

स्वामींनी डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"मग आता बोल."