एकमताने मंजूर

एका तालुक्याच्या गावी इतिहासाचे एक वृद्ध प्राध्यापक राहत होते. तीस वर्षे त्यांनी महाविद्यालयात शिकवले, रोज सायंकाळी नगरपालिकेच्या मैदानावर मुलांना कबड्डी शिकवली आणि मधली पाच वर्षे ते नगरसेवकही होते. निवृत्तीनंतरही मैदान काही सुटले नव्हते. त्यांचा एक शिष्य, हणमंत, त्याच मैदानावर घडला आणि यंदा नगरसेवक झाला.

एके दिवशी पालिकेच्या सभेत तेच मैदान व्यापारी गाळ्यांसाठी देण्याचा ठराव आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी: ठराव एकमताने मंजूर. एकमताने! त्या मातीत वाढलेला माणूस सभागृहात बसला असताना, एकमताने!

सायंकाळी सराव चालू असताना हणमंत मैदानावर आला.

"सर, माझा विरोधच होता. सभेआधी चहाच्या वेळी मी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. पण सभेत विरोध नोंदवला असता तर क्रीडा समितीचं सभापतिपद गेलं असतं. पद हातात असलं, तर पोरांसाठी दुसरीकडे काहीतरी करता येईल ना?"

सरांच्या मैदानावर एक रीत होती. निसटता स्पर्श झाला आणि पंचाला तो दिसला नाही, तरी खेळाडूने आपणहून हात वर करून बाहेर जायचे.

"हात वर कर," सर म्हणाले, "आणि रेषेबाहेर जाऊन बस."

खेळ थांबला. नगरसेवक कानकोंडा झाला, पण सरांचा शब्द मोडण्याची सवय त्याला नव्हती. तो जाऊन बसला. मग जे घडले ते कोणालाच उमगेना. सरांनी स्वतःचाही हात वर केला आणि ते शिष्याशेजारी मातीत बसले.

"सर, तुम्ही कशाला?"

सर संतापाने म्हणाले, "ते समोरचं मंगल कार्यालय दिसतंय? ती जागा या मैदानाचीच. बावीस वर्षांपूर्वी ती देण्याचा ठराव आला, तेव्हा मी सभागृहात होतो. मीही चहाच्या वेळीच शूर झालो आणि सभेत गप्प बसलो. सभेच्या इतिवृत्तात लिहिलंय, एकमताने मंजूर. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी अस्सल कागद आणि बनावट कागद यांतला फरक शिकवला! लाज कशी वाटली नाही मला? इतिहासाचा प्राध्यापक, आणि खोटा पुरावा मागे ठेवून आलो. उद्या कुणी दप्तर चाळेल, तेव्हा त्याला आपली तळमळ सापडणार नाही रे. आपला होकार सापडेल. आणि तू मला पदाचं सांगतोस? मैदान घालवून क्रीडा समितीचा सभापती!"

हणमंतने मान खाली घातली. त्याने विचारले, "आता काय करू, सर?"

"माझं इतिवृत्त कायम होऊन गेलं. तुझं पुढच्या सभेत वाचून कायम व्हायचंय, तोवर त्यात दुरुस्ती करता येते."

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाताच हणमंत उभा राहिला. मतदान झालेच नव्हते, आपला विरोध लिहून घ्या, असे त्याने बजावले आणि लिहून होईपर्यंत तो खाली बसला नाही. ठराव बहुमताने मंजूरच राहिला. सभापतिपदही गेले. पण त्या इतिवृत्ताची नक्कल घेऊन गावकरी ठरावाविरुद्ध दाद मागायला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, आणि गाळ्यांचा पाया अजून खणला गेलेला नाही.

ज्या सभेत आपण गप्प बसून आलो, तिथे आपला होकार लिहून झालेला असतो.