कुंभारणीचा कुरकुऱ्या घोडा

गोष्ट फार जुनी आहे; इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात एक वाईट रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजाच्या पागेतल्या घोड्यांची तोंडं उघडून दात बघायचे, आणि म्हातारा निघेल त्याला वेशीबाहेर सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांची मात्र पूजा! आता याला काय म्हणावं?

असाच एक म्हातारा घोडा तीन दिवस बंद वेशीकडे तोंड करून उभा होता. जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कुंभारणीला ते बघवेना. ती त्याला घरी घेऊन आली. घरात ती आणि तिची सून, दोघीच. सून सासूला आत्याबाई म्हणे.

"आणलात तर आणलात, आत्याबाई," सून म्हणाली. "गवत मी कापून आणीन. पण त्याला काय मानवतं ते तुम्ही बघा."

तिथून कुंभारणीच्या डोक्याला ताप सुरू झाला.

आधी तिने कडबा घातला. घोड्याने हुंगला आणि मान फिरवली. "फार जाडाभरडा आहे, बाई. आमच्या पागेत असल्याने छप्पर शाकारत."

मग सून दोन टेकड्या ओलांडून बारीक पात्याचं गवत आणू लागली. तिच्या बोटांना चिरा पडल्या. घोडा म्हणाला, "धुळकट आहे." कुंभारणीने ते झटकलं, धुतलं, उन्हात पसरलं. घोडा म्हणाला, "आता वास गेला त्याचा." शेवटी तिने घरातले हरभरे काढले आणि त्याच्या तोंडाला तोबरा बांधला. घोडा म्हणाला, "कुबट आहेत."

"अरे मेल्या, तू राजाच्या घरचा आहेस की राजाचा जावई आहेस?" कुंभारीण ओरडली.

बरं, संध्याकाळी पाहावं तर गव्हाण रिकामी! एक काडी शिल्लक नसे. आणि घोडा मात्र दिवसेंदिवस खंगत चाललेला. बरगड्या लांबून मोजता येत होत्या. पौषातली थंडी तोंडावर आली होती, आणि असाच राहिला तर हा त्या थंडीत उभ्याचा कोसळणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"खाल्लेलं जातं तरी कुठे तुझं?" ती विचारी.

"निकस चारा अंगी लागत नाही, बाई," घोडा मोठ्या तोऱ्यात सांगे.

मग कुंभारीण सुनेवर चिडे. "नीट बघून कापत जा गं! जनावर मरेल आपल्या दारात!" सून बिचारी पुन्हा विळा उचले.

आता एक गोष्ट तुम्हांला सांगून ठेवतो, पण त्या सुनेच्या कानावर जाऊ देऊ नका. कुंभारणीच्या स्वतःच्या दाढा वर्षापूर्वीच गेल्या होत्या. ते कबूल केलं तर सून आपल्याला कोपऱ्यात बसवील, अशी तिला धास्ती. म्हणून ताटावर बसली की ती म्हणे, "भाकरी कडक झाली. पीठच जाडं आलंय." पीठ बारीक यावं म्हणून सुनेने दोनदा जात्याला टाकी लावून घेतली, पीठ तीन-तीनदा चाळलं. सासूची तक्रार कायम. दोन घास कसेबसे चघळायचे, उरलेले तुकडे पदराखाली लपवायचे आणि हळूच घोड्याच्या गव्हाणीत टाकायचे, असा तिचा रोजचा उद्योग होता.

एके दिवशी सकाळी तिने गोठा झाडायला खराटा घेतला. गव्हाणीमागचा पेंढा उपसला आणि ती बघतच राहिली. खाली चोथ्याचे गोळेच गोळे! चावून चावून टाकलेलं गवत, त्यात आख्खेच्या आख्खे हरभरे, आणि वरून खुरांनी नीट पेंढा ओढून झाकलेलं.

कुंभारणीने खराटा टाकला, घोड्याचा जबडा धरला आणि उघडला. पुढचे दात शाबूत होते. मागे नुसत्या हिरड्या.

"अरे, दाढा नाहीत तुला!" ती किंचाळली. "मग सांगायला काय झालं होतं? तोंड दिलंय ना देवाने?"

घोड्याने मान खाली घातली. त्याचा सगळा तोरा उतरला. "ज्यांनी हे पाहिलं, त्यांनी मला वेशीबाहेर काढलं, बाई. तुम्हीही काढाल असं वाटलं."

"वाटलं म्हणे! म्हणून उपाशी मरायचं? आणि वर चाऱ्याला नावं ठेवायची? ती पोर तुझ्यासाठी दोन टेकड्या तुडवते, तिचे हात बघ जाऊन! दोष तुझ्या तोंडात, आणि बोलणी तिने खायची? लाज नाही वाटत?"

"वाटते," घोडा हळूच म्हणाला. "पण त्या चोथ्यात भाकरीचे तुकडेही आहेत, बाई. ते कुणाचे? मी आजवर कुणाला बोललो नाही."

कुंभारणीचा हात पदराकडे गेला. मागे धप्पकन आवाज झाला. दारात सून उभी होती, आणि डोक्यावरचा भारा तिच्या पायाशी पडला होता.

"वर्षभर!" सून म्हणाली. "वर्षभर चुलीपुढे रडले मी, आत्याबाई. मला वाटलं, माझ्या हातालाच चव नाही."

कुंभारणीने पदर तोंडाशी नेला आणि मग खाली सोडला. "दाढा नाहीत गं मला," ती म्हणाली. "तुझी भाकरी चांगली असते. पहिल्यापासून चांगली असते."

सुनेने डोळे पुसले. मग कपाळावर हात मारला. "अहो, एवढंच होतं तर काला करून दिला असता! आणि याला गवत बारीक चिरून, भिजवून दिलं असतं! दोघांनी मिळून जीव नको केलात माझा!"

कुंभाराच्या घरात मडक्यांना काय तोटा? त्याच दुपारी दोन मडकी काढली. मोठ्यात बारीक चिरलेलं गवत, कोंडा आणि भिजवून वाटलेले हरभरे. लहानात ताकात कुस्करलेली भाकरी. घोडा मान वर न करता खात राहिला. कुंभारीण त्याच्या शेजारीच पाटावर बसून जेवली, उघड्यावर, सगळ्यांदेखत.

पौष आला आणि गेला. घोडा कोसळला नाही. पुढच्या दसऱ्याला तो झेंडूची माळ घालून गावाच्या सीमेपर्यंत आपल्या पायांनी चालत गेला, आणि कुंभारीण तोंडभर हसत त्याच्याबरोबर होती. कुरकुर दोघांचीही पुरती गेली नाही म्हणा. "मीठ कमी पडलं," असं दोघंही अधूनमधून म्हणत. पण आता म्हणत ते मडकं रिकामं करून, आणि सून हसून म्हणे, "उद्या घालते."

बोध एवढाच: आपलं उणं सांगायला जो लाजतो, तो स्वतः उपाशी राहतो आणि भरवणाऱ्या हातालाही रडवतो.