महाराजांचा तिसरा हात

भोकरगडच्या दरबारात रोज सकाळी एकच प्रश्न असे: आज बोट कोणाचं?

त्याचं असं झालं, भैरवसेन महाराजांना ड्रोनचा नाद लागला. नुसता उडवायचा नाद परवडला असता, पण महाराज तो रोज कशावर तरी आपटत. कधी देवळाच्या कळसावर, कधी प्रधानजींच्या पगडीवर. आपटला की आतली तार तुटे, आणि तुटलेली तार आपल्याच हातांनी जोडायची हा महाराजांचा हट्ट. राजहट्टच तो, त्याला कोण काय बोलणार?

सोल्डरिंग शिकायला त्यांनी रीतसर गुरुजी ठेवले होते. गुरुजी सांगत, एका हातात तापलेली सळई धरा, दुसऱ्या हातात कथिल. सांधा तापला की त्याला कथिल टेकवा, ते वितळून आपोआप आत शिरतं. इथवर ठीक होतं. पण तारेची तुटकी टोकं एकमेकांना लावून धरायची कोणी? देवाने माणसाला हात दिलेत दोनच. मग तार धरायला दरबारातला एकेक जण पुढे बोलावला जाई. तार तापे, धरणारा "आई गं" म्हणून हात झटके, सांधा हलून कच्चा राही, आणि दुसऱ्या दिवशी ड्रोन पुन्हा खाली. पक्कड लावून पाहिली, तर सगळी धग तीच पिऊन टाकी आणि कथिल वितळेचना. प्रधानजींच्या दोन बोटांना फडकी होती, सेनापतींच्या चारांना. गुरुजी तर आजारी मावशीला बघायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

अशात हुकूम निघाला की उद्या तार केरबा सनईवाल्याने धरायची. केरबाचं सगळं पोट बोटांवर. ती भाजली की ऐन लग्नसराईत सनई मुकी. तो बिचारा ओसरीवर बसून आपल्या बोटांकडे बघत राहिला. त्याची मुलगी सगुणा मात्र पदर खोचून तडक दरबारात गेली.

"महाराज, आबांचा हात सोडा. तार धरायला दुसरा हात मी आणून देते."

"कोणाचा? तुझा?"

"माझा कशाला? भाजला तरी हूं की चूं न करणारा."

महाराजांना गंमत वाटली. हट्टी माणसाला अट घालायला मिळाली की त्याला जेवणसुद्धा नको. मिशीला पीळ देत त्यांनी एकेक अट सांगितली. हात आमच्याच मातीत वाढलेला हवा. तापली तार धरून हलायचा नाही, ओरडायचा नाही, पगार मागायचा नाही. आणि त्याच्यामागे माणूस असता कामा नये. "उद्या सकाळी घेऊन ये," ते म्हणाले, "नाहीतर तुझ्या बापाला कायमचा तारधऱ्या नेमतो."

सगुणा घरी आली ती तोंड पाडून. बोलून तर बसली होती, पण जवळ ना हात होता, ना युक्ती. तिन्हीसांजेला आईने देवापुढे उदबत्ती लावली, आणि खोचायला केळं नव्हतं म्हणून अर्ध्या बटाट्यात खोचली. सगुणा बघतच राहिली. वरचं टोक लालभडक जळतंय, आणि खालचा बटाटा आपला ढिम्म. ती उठली आणि थेट कांद्याबटाट्यांच्या टोपलीकडे गेली.

सकाळी दरबार भरला. केरबा सनई काखेत धरून कोपऱ्यात उभा होता, तिचा निरोप घ्यायला आल्यासारखा. सगुणाने महाराजांपुढे एका बटाट्याची दोन भकलं पालथी मांडली. दोन्हींना वरून चीर पाडली, एकीत तारेचा एक तुकडा बसवला, दुसरीत दुसरा, आणि तुटकी टोकं मधोमध भिडवली.

"हा हात?" महाराज म्हणाले. "अगं, दरबार हसेल आम्हाला."

"हसू द्या, महाराज. नाहीतरी टाळ्या वाजवायला बोटं कोणाची उरलीत?"

सेनापतींनी आपले हात हळूच पाठीमागे नेले. महाराजांनी सळई टेकवली. तार तापली. बटाटा हलला नाही, ओरडला नाही, नुसता जरासा चुरचुरला. कथिल वितळून सांध्यात शिरलं आणि गार होऊन नव्या कल्हईसारखं चकाकलं. ड्रोन उडाला, कळस चुकवून, पगडी चुकवून, सुखरूप परत आला.

पण हरायची सवय नव्हती ना! महाराजांनी आणखी एक खोच काढलीच. "पगार मागत नाही, कबूल. पण हा हात म्हातारा झाला की त्याला पोसायचं कोणी?"

"पोसायचं कशाला, महाराज? म्हातारा झाला की त्याला मोड येतात. तुमच्याच मातीत पुरा, एकाचे दहा हात उगवतील."

महाराज पोट धरून हसले. केरबाला त्यांनी त्याच क्षणी मोकळं केलं आणि सगुणाला म्हणाले, काय हवं ते माग. सगुणाला हवी होती ती सळई. तिलाही सोल्डरिंग शिकायचं होतं. महाराजांनी सळई दिली, वर दरबारच्या ड्रोनची सगळी देखभालही तिच्याकडे सोपवली.

"मग आज माझी तार कोण धरणार?" असं म्हणत सगुणाने सळई तापवली आणि सरळ महाराजांच्या बोटांकडे पाहिलं.

महाराजांनी दोन्ही हात चटकन काखेत लपवले आणि कोपराने बटाटा पुढे सरकवला. मग मात्र प्रधानजींना हसू आवरेना, सेनापतींना आवरेना, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते महाराजच. त्या गदारोळात केरबाने सनई ओठांना लावली.