तेवीस चिठ्ठ्यांचा थवा

एका डोंगररांगेच्या पायथ्याशी अकरा गावं होती आणि त्या अकराही गावांना एकच वेड लागलेलं होतं, पाखरं बघण्याचं. शेतकरी नांगर थांबवून वर बघायचे. सासवा सुनांना रागावता रागावता मध्येच खिडकीबाहेर बघायच्या. लग्नात अंतरपाट धरलेला असताना एखादा तांबट ओरडला, तर भटजीसुद्धा क्षणभर मंगलाष्टक विसरायचे. पोट भरायला या वेडाचा काडीचा उपयोग नव्हता, आणि बहुधा म्हणूनच ते इतकं टिकलं होतं.

मधल्या गावात, बाजारतळाला लागून, या मंडळींचा एक लांबच लांब मांडव होता. मांडवात खांबापासून खांबापर्यंत सुंभाच्या दोऱ्या ताणलेल्या असत. ज्याला पाखरांविषयी काही विचारायचं असेल त्याने एक दोरी बांधावी आणि तिच्यावर प्रश्नाची चिठ्ठी टांगावी. ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने त्याच दोरीवर शेजारी आपली चिठ्ठी अडकवावी. लिहिता न येणाऱ्याला दुसरं कोणीही लिहून देई. मांडव रोज उघडा असे, पण दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, अकरा गावांतली माणसं भाजी विसरून आधी मांडवात शिरत.

आता, आपलं बोलणं सुरू करण्याआधी दुसऱ्याचं वाचायचं, हे कोणाला जमलंय? जो तो येई आणि आपली दोरी बांधून मोकळा होई. साळुंक्या इतक्या का भांडतात, या एकाच प्रश्नाच्या सतरा दोऱ्या झाल्या. उत्तर एका दोरीवर, त्यावरचा वाद दुसरीवर, आणि वाद मिटल्याची बातमी तिसरीवर. चालताना कंबरेत वाकावं लागे. एकदा एका आजोबांचा फेटा दोरीत असा अडकला की तो सोडवेपर्यंत त्यांना आपण काय विचारायला आलो होतो तेच आठवेना. शेवटी पंचांनी मांडवावर एक राखणदार नेमला.

राखणदार हुशार होता आणि प्रामाणिकही होता. मांडवातली चिठ्ठी न् चिठ्ठी त्याला पाठ होती. कमरेला कात्री खोचून तो खांबांमधून फिरे. नवी चिठ्ठी टांगली की वाचे, क्षणभर डोळे मिटे, आणि म्हणे, "झालंय!" की लगेच कात्री चाले. मग काठीने जुनी दोरी दाखवून सांगे, "पाचवा खांब, दुसरी दोरी. तिथे वाचा."

महिन्याभरात मांडव लख्ख झाला. पंच खूश झाले, फेटेवाले आजोबा तर फारच खूश झाले.

कापलेल्या चिठ्ठ्या मात्र तो जाळत नसे. लिहिलेल्या कागदाला नुसता पाय लागला तरी हात जोडायचे, हे त्याला आईने शिकवलेलं. तो चुलीत कसा घालणार? त्यामुळे कापलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर तो दिवस आणि गाव टिपून ठेवी आणि मागच्या खोलीतल्या रिकाम्या कणगीत ती टाकून देई. टाकून दिल्यावर तिकडे पुन्हा बघण्याचं कारणच नव्हतं.

अशी बारा वर्षं गेली. मांडव लख्खच राहिला, फक्त त्यातलं बोलणं आटत गेलं. एखादा माणूस काही नवल पाहून धावत दारापर्यंत येई, कात्रीकडे बघे, आणि 'असेल झालेलं' म्हणून वांगी घ्यायला निघून जाई. राखणदाराला वाटे, लोक आता शहाणे झाले.

एका बुधवारी मांडवात एक मेंढपाळ बाई आली. दोन दिवस चालून आली होती. डोक्यावर भलंमोठं डालं होतं, आणि डाल्यातून एक लांब मान बाहेर आली होती. राखेच्या रंगाचं अंग, काळा गळा, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. बाजारातली माणसं भाव करता करता थांबली. हा राखुळा होता. त्याला उंच आभाळात जाताना पुष्कळांनी पाहिलं होतं, पण हाताच्या अंतरावर कोणीच नाही.

बाईने डालं उतरवलं आणि राखणदाराला हात जोडले.

"दादा, थंडीच्या तोंडाला ह्यांचा थवा आमच्या माळावरनं खाली गेला. त्यात ह्यो पडला. पंख मोडला व्हता. मी कामट्या लावून बांधला, ज्वारी चारली. आता पंख जुळलाय, उडतोय बी. पन येकटाच घिरट्या घालतोय आन् माघारी येतोय. रोज सकाळी वर बघून वरडतोय." तिने डाल्यावर हात ठेवला. "पळस फुलला की थवा परत वर जातो म्हनत्यात. पळस तर फुललाय. थवा गेला आन् ह्यो मागं ऱ्हायला, तर आमच्याकडचा उन्हाळा ह्याला सोसायचा न्हाई. थवा कवा आन् कुठनं जातो, येवढंच सांगा."

राखणदाराने डोळे मिटले. "झालंय, बाई. पहिला खांब, तिसरी दोरी."

बाई हरखली. एका आजींना हाताला धरून तिने ती दोरी वाचून घेतली. प्रश्न तोच होता, राखुळ्यांचा थवा कधी आणि कुठून जातो. शेजारी बारा वर्षांपूर्वीच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, 'मलाही हेच विचारायचं होतं.' दुसरीवर होतं, 'माहीत नाही. कळल्यास मलाही कळवावे.'

बाई परत आली. "दादा, त्या दोरीवर उत्तर न्हाई."

"पण प्रश्न आहे ना?" राखणदार म्हणाला. "मग तोच पुन्हा टांगता येत नाही."

"मला परश्न नगं दादा, मला थवा पायजे."

राखणदार थोडा चिडला. बारा वर्षांत त्याला असं कोणी बोललं नव्हतं. "अहो बाई, तुम्ही काही पहिल्या नाही. तेवीस जणांनी हेच विचारलं! तेवीस वेळा मी ही चिठ्ठी कापली आहे. एकाला म्हणून सोडता येत नाही, नियम तो नियम."

बाईने मान वर केली.

"तेवीस जनांनी?" ती म्हणाली. "मग तेवीस जनांनी त्यो थवा बघितला आसंल की वो! बघितल्याबिगर कोन कशाला इचारंल?"

राखणदाराने काठी खाली ठेवली. इतका हुशार माणूस, सगळ्या चिठ्ठ्या पाठ, आणि हे साधं त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. विचारायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी पाहूनच आला होता, आणि राखणदाराने त्याला काठीने वाट दाखवली होती. त्याच वेळी डाल्यातला राखुळा मान ताणून ओरडला.

राखणदार मागच्या खोलीत गेला आणि ती कणगी ओढत मांडवात घेऊन आला. धाप लागली होती, घाम फुटला होता. सगळ्या बाजारासमोर त्याने ती उपडी केली. चिठ्ठ्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला.

"शोधा," तो म्हणाला. "राखुळ्याची असेल ती माझ्याकडे द्या."

भाजीवाल्या आल्या, पंच आले, भटजी आले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाचणाऱ्यांच्या हातात चिठ्ठ्या देत राहिले. एकेक करून तेविसाच्या तेवीस सापडल्या. प्रश्न सगळीकडे तोच, पण प्रत्येकाने तो आपल्या अंगणातून विचारला होता. 'आमच्या दक्षिणेच्या तळ्यावर काल संध्याकाळी राखी पक्षी उतरले नि आज उजाडता गेले, ते कुठे गेले?' 'नदीच्या वाळूत एक रात्र बसलेल्या लांब मानेच्या पाखरांची वाट कुठली?' 'बोडक्या टेकडीवर ऊन तापल्यावर गोल गोल चढत जाणारे पक्षी पुढे कुठे जातात? पळस ऐन भरात असताना दिसले.' आणि पाठीवर राखणदाराच्याच टापटीप अक्षरात दिवस आणि गाव.

त्याने जमिनीवर खडूने डोंगर काढला, नदी काढली, अकरा गावं मांडली. मग एकेक चिठ्ठी तिच्या तिच्या गावावर ठेवत गेला. तळ्यावर सात पडल्या. त्या त्या वर्षी तळ्यानंतरच्या दिवसाच्या सहा, त्या नदीच्या वाळूवर. तिसऱ्या दिवसाच्या बोडक्या टेकडीवर आणि तिथून पुढे उत्तरेच्या खिंडीकडे. वर्षं निरनिराळी होती, माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती, पण चिठ्ठ्या आपोआप एका रांगेत येत होत्या.

शेवटची चिठ्ठी ठेवली आणि सगळे वाकून बघायला लागले. बारा वर्षं डोक्यावरून जाणारी आभाळातली वाट त्यांच्या पायाशी आखलेली होती. तिचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या घरी होता. भटजींनी नकळत हात जोडले, आणि त्यांच्या मागोमाग बऱ्याच जणांनी जोडले.

"दर वर्षी तळं, दुसऱ्या दिवशी वाळू, तिसऱ्या दिवशी टेकडी," राखणदार हळूच म्हणाला. "पण यंदा तळ्यावर कधी येतील ते कसं कळणार?"

मागून कोणीतरी खाकरलं. तळ्याकाठच्या गावचा एक म्हातारा कोळी होता. मासे विकून झाल्यावर तो कितीतरी वेळ मांडवाच्या दाराशी उभा होता.

"आलेत की," तो म्हणाला. "काल सांजंला उतरले, आज उजाडता उठले. त्येच सांगायला आलो व्हतो मी."

"काका, मग इतका वेळ बोलला का नाहीत?" राखणदाराने विचारलं.

कोळी ओशाळून हसला. "तुमी 'झालंय' म्हनाल म्हनून."

राखणदाराने मान खाली घातली. त्याला रडू येत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. मग त्याने बोटांवर दिवस मोजले. थवा आज वाळूवर असणार. म्हणजे उद्या, ऊन तापल्यावर, बोडकी टेकडी. टेकडी गावापासून दोन कोसांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ सगळा बाजारच टेकडीवर जाऊन बसला. बाईने डालं मांडीशी घेतलं होतं. ऊन चढलं. आभाळ कोरं होतं. घटका गेली, दुसरी गेली, कोणीतरी कुजबुजलं की चिठ्ठ्यांत चूक असेल. राखणदार पुन्हा पुन्हा बोटांवर दिवस मोजत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला उत्तर पाठ नव्हतं.

आधी आवाज आला. खूप लांबून, खूप मोठ्या घोळक्याने एकदम बोलावं तसा. डाल्यातला राखुळा ताठ झाला. मग दक्षिणेच्या बाजूला एक बारीक रेघ दिसली, तिच्यामागे दुसरी, मग मोजता येईनात इतक्या. बघता बघता ते टेकडीवर आले, आणि पंख न हलवता गोल गोल वर चढायला लागले. शेकडो होते. शेकड्यांवर शेकडे होते. त्यांच्या सावल्या माणसांच्या तोंडांवरून, हातांवरून, गवतावरून फिरत होत्या. अकरा गावची ही बडबडी माणसं, साळुंकीवर सतरा दोऱ्या बांधणारी, नुसती मान वर करून बघत राहिली. आपण किती लहान आहोत हे कळून इतका आनंद व्हावा, याचं ज्याला त्याला नवल वाटत होतं.

बाईने डाल्याचं झाकण काढलं. राखुळा बाहेर आला, तिच्याकडे एकदा बघून न बघितल्यासारखं करत उतारावरून पळत सुटला. उडाला. जुळलेला पंख जरा कलला, तो खाली आला. "उचल रं, उचल!" बाई ओरडली. त्याने पुन्हा पंख मारले, तापल्या हवेत शिरला, आणि एक गोल घेऊन वर चढला. मग दुसरा गोल. थव्याच्या खालच्या कडेला त्याच्यासाठी जागा झाली, आणि तो तिच्यात शिरला.

बाई डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने राखणदाराला विचारलं, "दादा, माजा कंचा वो?"

एका नजरेत चिठ्ठी ओळखणारा राखणदार डोळे ताणताणून बघत होता. सगळेच राखेच्या रंगाचे, सगळेच चढणारे.

"नाही ओळखता येत, बाई," तो म्हणाला.

बाईने पदराने डोळे पुसले आणि हसली. "मलाबी न्हाई. मंजी झालं काम."

थवा उत्तरेच्या खिंडीपलीकडे दिसेनासा होईपर्यंत कोणी उठलं नाही. पुढच्या बुधवारपासून मांडवात नवीन रीत सुरू झाली. प्रश्न जुनाच निघाला तर राखणदार त्या माणसाला स्वतः जुन्या दोरीपाशी घेऊन जाई, त्याची चिठ्ठी तिथे आधीच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी बांधी, आणि मग समोर पाट मांडून म्हणे, "बसा. तुम्ही काय पाहिलंत ते आधी सांगा." दोऱ्या पूर्वीइतक्याच मोजक्या राहिल्या, पण प्रत्येक दोरी आता भारी झाली होती.

तात्पर्य: तोच प्रश्न पुन्हा घेऊन येणारा माणूस उत्तराचा एक तुकडाही सोबत आणतो, त्याला वेगळी चूल मांडू देऊ नये आणि दारातून परतही लावू नये, आधीच्यांच्या पंगतीत बसवून घ्यावं.